उजव्या कानाची खूण

भोरच्या एसटी स्थानकासमोर फ्लेक्स छापण्याचे एक दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटन, निवड आणि दशक्रिया या निमित्तांनी तालुक्यातील माणसांचे चेहरे तेथे मोठे केले जातात. हे काम प्रगती मरगळे करते. दुकानाचे मालक कुंडलिक गिऱ्हाईक सांभाळतात, शाईच्या दर्जाबद्दल तक्रार करतात आणि छापल्या जाणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यामागे कोणाचा हात आहे याचा अंदाज बांधतात. प्रगती तो चेहरा उजळ करते, मागे ढग किंवा किल्ला बसवते आणि नावाची अक्षरे जाड करते.

तिचे घर हिर्डोशीच्या वर, पठारावर आहे. गाडी गावापर्यंत येते. पुढचा चढ पायी चढावा लागतो. वडील हैबती आणि आई रत्ना शेरडे आणि थोडी गुरे राखतात. वसतिगृहात राहून प्रगती भोरला शिकली, पुण्याला जाऊन तिने उपयोजित कलेची पदविका घेतली आणि ती परत आली. पुण्यात काम मिळाले नाही असे ती म्हणत नाही. पुण्यात मन रमले नाही असेही म्हणत नाही. त्यामुळे तिच्या परत येण्याबद्दल वस्तीत निरनिराळे तर्क आहेत आणि त्यांतला एकही तिच्या बाजूचा नाही.

गेल्या वर्षी या भागात एक आंतरराष्ट्रीय डोंगरधाव भरवायचे ठरले. निरनिराळ्या देशांतले धावक भोरहून निघणार, हिर्डोशीच्या अंगाने पठारावर चढणार आणि वेल्ह्याच्या बाजूला गुंजवण्याला उतरणार, असा मार्ग आखला गेला. पुण्यात समिती स्थापन झाली आणि तिने स्पर्धेच्या बोधचिन्हासाठी खुले आवाहन काढले. स्पर्धेला या मातीतली ‘दृश्य ओळख’ हवी आणि स्थानिक कलावंतांना प्राधान्य मिळेल, असे त्यात म्हटले होते. या मातीतल्या माणसांना अशी ओळख हवी आहे काय, हे मात्र कोणी विचारलेले नव्हते. मार्ग ज्या पठारावरून जाणार त्या पठारावर तोपर्यंत समितीचे कोणी आलेही नव्हते.

कुंडलिकांनी ते आवाहन मोबाईलवर वाचले आणि निकाल दिला. “आधीच ठरल्यालं आसतंय गं हे. आपण फकस्त फोटोत उभं ऱ्हायचं, मागच्या रांगंत.”

प्रगतीलाही तसेच वाटत होते. तरीही तिने चित्र काढायला घेतले. इतरांनी काय पाठवले असेल हे तिला ठाऊक होते, कारण त्याच गोष्टी ती रोज छापत होती: किल्ला, घोडा, तळपता सूर्य. तिला यांतले काहीच नको होते. शेवटी तिने काढला तो शेरडाचा कान.

येथे या पठाराची रीत सांगणे आवश्यक आहे. पठारावर धनगरांच्या दोन वस्त्या आहेत, मरगळ्यांची आणि कोकऱ्यांची. दोघांचे चरायचे रान एक आणि उन्हाळ्यातला झराही एक. कळप मिसळतात, म्हणून करडू लहान असतानाच त्याचा कान कातरून खूण करतात. मागच्या पिढीतील माणसांनी ठरवले की दोन्ही घरांनी कानाच्या मागच्या कडेलाच दोन खाचा पाडाव्यात. मरगळ्यांनी डाव्या कानाला, कोकऱ्यांनी उजव्या. खाचा सारख्याच असल्याने कोणाची खूण मोठी आणि कोणाची धाकटी हा प्रश्न उरला नाही. त्याच वेळी आणखी एक गोष्ट ठरली. खूण करायची ती जनावरावर. दगडावर, झाडावर किंवा पाण्यावर कोणीही खूण करायची नाही. जनावर कोणाचे हे नक्की असावे आणि रान कोणाचे हे नक्की नसावे, यावरच त्या दोन वस्त्यांचे शेजारपण उभे होते. कागदावर त्यातले काहीही नाही.

प्रगतीने आपल्या घरचा डावा कान घेतला, लोंबता होता तो टोक वर करून उभा केला आणि त्याचे शिखर झाले. मागच्या कडेच्या दोन खाचा म्हणजे दोन घाट. खाली एक बारीक रेघ, वाट म्हणून. बघणाऱ्याला डोंगर दिसावा आणि ज्याला कान माहीत आहे त्याला कान दिसावा, असे ते चित्र होते. ते चांगले होते, हे तिच्याबद्दल फारसे बरे न बोलणारे लोकही मान्य करतात.

निवड तिचीच झाली. कुंडलिकांनी अभिनंदन केले आणि समितीत तिच्या ओळखीचे कोण आहे असे विचारले. कोणी नाही या उत्तरावर त्यांचा विश्वास बसला नाही. आपल्याकडे काम करणाऱ्या मुलीने आपल्यापासून काही लपवले आहे, असे ते पुढे बराच काळ मानत राहिले.

त्यानंतर समितीच्या सल्लागार बाईंशी मोबाईलवर बैठका सुरू झाल्या. त्या अनुभवी होत्या, सौम्य बोलत आणि प्रत्येक सूचनेला कारण देत. रंग बदलले, रेघ जाड झाली. एका बैठकीत त्यांनी दाखवून दिले की वाचणारा डोळा डावीकडून उजवीकडे जातो. चित्रात खाचा डाव्या उतारावर आहेत, म्हणून धावक चढतानाच अडखळतो असे वाटते. चित्र आडवे उलटवले की डावी बाजू सलग चढेल. सूचना रास्त होती. प्रगतीने एका बोटाने चित्र उलटवले. सगळ्यांना ते अधिक चांगले वाटले आणि तिलाही वाटले.

तिला त्या क्षणी काही कसे कळले नाही, हा प्रश्न नंतर सर्वांनी तिला विचारला. उत्तर कठीण नाही. इतके दिवस पडद्यावर राहिल्यावर तो कान तिच्यासाठी कान उरला नव्हता. ते प्रमाण होते, वजन होते, मोकळी जागा होती. वस्तीतल्या कोणाही पोराला दुरून शेरडू बघून घर सांगता येते. तिलाही येत होते. पण शेरडाच्या डोक्यावरचा कान ओळखणे वेगळे आणि डोक्यावरून उतरवून डोंगर केलेला कान ओळखणे वेगळे. मागच्या कडेच्या खाचा चित्रात दुसऱ्या बाजूला गेल्या की डावा कान उजवा होतो. मरगळ्यांची खूण कोकऱ्यांची झाली होती आणि तिची सही त्याखाली होती. हे चिन्ह आपण स्वतः निर्माण केले असून यापूर्वी कोणीही वापरलेले नाही, असे तिने लिहूनही दिले होते. लिहून देताना ती थोडी थांबली होती. शेरडांच्या कानांना कोणी ‘वापर’ म्हणत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

शर्ट, पदके, झेंडे यांवर चिन्ह कसे छापावे याची पुस्तिका तिनेच तयार केली. मार्गावरच्या दगडांवर ते कसे रंगवावे याचा साचाही तिच्याच रेखाटनावरून पत्र्यात कापला गेला. बाहेरून आलेले मजूर तो घेऊन पठारावर चढले आणि दिसेल त्या ठळक दगडावर त्यांनी तांबड्या रंगात चिन्ह उठवले. वस्तीत कोणाला विचारावे असे त्यांना सांगितलेले नव्हते. झऱ्याच्या तोंडाशी एक मोठा सपाट दगड आहे. त्यावर त्यांनी दोनदा उठवले.

हैबतींचा फोन दुकानात आला तेव्हा प्रगती एका भावी सरपंचाची मिशी नीट करत होती.

“प्रगे,” ते म्हणाले, “रखमाजीनं पाण्यावर खूण मारलीया.”

रखमाजी म्हणजे कोकऱ्यांच्या वस्तीतला वडीलधारा माणूस. तिने विचारले, कसली खूण? हैबतींनी सांगितले की दोन खाचांचा उजवा कान, तांबड्या रंगात, झऱ्यापासून थेट आपल्या वाघरीपर्यंत, म्हणजे शेरडे कोंडायच्या जाळीपर्यंत. ती म्हणाली की ते चित्र स्पर्धेचे आहे आणि तिनेच काढलेले आहे, दगडावर आपलाच डावा कान असणार. हैबती एवढेच म्हणाले, “कान मला कळतोय.” आणि त्यांनी फोन ठेवला.

तिने पडद्यावर चित्र उघडले, शेरडाचे डोके मनाने त्याला जोडले आणि वडिलांचे बरोबर असल्याचे तिच्या लक्षात आले.

तिच्यापुढे काय होते ते स्पष्ट होते. उन्हाळा तोंडावर होता. झरा दोन्ही वस्त्यांचा राहिला तरच दोन्ही कळप तगणार होते. आणि तो दोघांचा राहण्यासाठी ती खूण कोकऱ्यांनी केलेली नाही, आपल्या हातून झाली आहे, हे तिला दोन्हीकडे सांगावे लागणार होते. ते सांगायचे तर समितीला दिलेला शब्द खोटा होता हेही बाहेर येणार होते. ती आठवडाभर गप्प राहिली. या गप्प राहण्याचे समर्थन करता येत नाही, तिनेही कधी केले नाही.

तेवढ्या वेळात पठारावर संशयाने आपले काम केले. रत्नाचे माहेर गुंजवण्याच्या वर आहे. तिथे धरण झाले त्याच्या आधी दगडांवर रंगाचे पट्टे आले होते आणि मागून पाणी त्या पट्ट्यांपर्यंत चढले, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले. दगडावर रंग आला की कोणाला तरी उठावे लागते, असे ती म्हणू लागली. यावेळी कोकऱ्यांनी आधीच साहेबांशी सूत जमवले आहे, अशी तिची खात्री झाली. कोकऱ्यांकडे उलटाच तर्क चालू होता. चित्र मरगळ्यांच्या पोरीने काढले हे वर्तमानपत्रात फोटोसह आलेले होते. मग तिने आमचाच कान दगडावर का काढला? उद्या जंगलखात्याचा माणूस येईल, दगड बघेल आणि दंड कोकऱ्यांना होईल, म्हणून. रखमाजींचा मुलगा बंडू झऱ्यावर बसून राहू लागला. कोण पाणी नेतो ते बघायला बसलो आहे, असे तो म्हणे. हैबतीही मग काठी घेऊन समोरच्या बांधावर बसू लागले. दोघे दिवसभर एकमेकांना बघत आणि कोणीही झरा अडवलेला नसताना दोघांचीही जनावरे बिचकत पाणी पीत.

शेवटी प्रगती गेली. हिर्डोशीला गाडीतून उतरली, चढ चढली आणि आपल्या घरी न जाता सरळ कोकऱ्यांच्या अंगणात गेली. बाप आणि आई तिथे बोलावल्यावर आली, पण बसली नाहीत.

धोंडाबाई, रखमाजींची बायको, चुलीपुढून उठलीही नाही. तिथूनच तिने विचारले, “शेरडू आमचं, कान आमचा, आन् पेपरात थोबाड तुझं? आमच्या बोकडाचा तरी फोटू द्यायचास.”

प्रगतीने जे झाले ते सांगितले. घरचा डावा कान घेतला, बाईंनी उलटवायला सांगितले, उलटवला, लक्षात आले नाही. कोणी मान हलवली नाही. बंडूने विचारले की आरशात बघून काढत होतीस काय. मग तिने मोबाईल काढला, आपले पहिले चित्र दाखवले आणि सगळ्यांसमोर एका बोटाने ते उलटवले. डावा कान उजवा झाला. पुन्हा उलटवले, उजवा डावा झाला. तिला वाटले, आता पटेल.

रखमाजींनी मोबाईल हातात घेतला आणि स्वतः बोट लावून बघितले. त्यांनी ते बराच वेळ केले.

“म्हंजी मरगळ्याचं कोकऱ्याचं व्हायला यवडंच लागतंय,” ते म्हणाले.

“तात्या, हे फकस्त चित्रात,” प्रगती म्हणाली.

“सातबारा बी आता यातच आसतोय न्हवं? तिथं कुणाचं बोट आसंल, पोरी?”

ती खरे सांगायला आली होती आणि तिच्या खऱ्याने अंगणातल्या प्रत्येकाचा संशय वाढवला होता. आतापर्यंत ते एकमेकांवर संशय घेत होते. आता खुणेवरच घेऊ लागले. हैबतींनी त्या दिवशी प्रथमच तोंड उघडले आणि ते रखमाजींच्या बाजूने बोलले. “दगुड धुवून काढा म्हणावं त्यांना,” ते म्हणाले. “डावा असू दे न्हाईतर उजवा. आमचा कान बी नको दगडावर.”

प्रगतीने तिथूनच, सगळ्यांच्या देखत, सल्लागार बाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावे म्हणून मोबाईलचा आवाज मोठा केला. बाईंनी ऐकून घेतले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो अत्यंत शांतपणे.

“प्रगती, हे चिन्ह आधी कोणाचं होतं का? नीट विचार करून सांग.”

त्या प्रश्नाचा अर्थ तिला समजला. नाही म्हटले असते तर रंगाच्या गैरसमजाची गोष्ट म्हणून प्रकरण मिटले असते आणि तिचे नाव राहिले असते. अंगणातल्या इतरांना प्रश्नातले हे कायदेशीर टोक कळले असेल असे नाही. पण सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

“होतं,” ती म्हणाली. “मी काढलं तेव्हा आमचं. उलटवल्यावर कोकऱ्यांचं. अजून आहे.”

समितीचा निर्णय दुसऱ्या दिवशी आला. स्पर्धा जवळ आली होती, पदके ओतून झाली होती, म्हणून चिन्ह बदलता येणार नव्हते. मात्र चिन्हकर्ती म्हणून तिचे नाव कुठेही येणार नव्हते, त्या जागी ‘सामूहिक लोकपरंपरा’ असे छापले जाणार होते. या दोन शब्दांत मोठी सोय होती. परंपरा सामूहिक म्हटली की तिला विचारायला कोणाच्या अंगणात जावे लागत नाही. पठारावरचे दगड मात्र स्वच्छ करायला समितीने परवानगी दिली. धावकांची वाट चुकू नये म्हणून झुडपांना साध्या पांढऱ्या फिती बांधायचे ठरले, आणि ते कामही प्रगतीवरच सोपवले गेले.

रंग तेलाचा होता. तारेचा ब्रश आणि रॉकेल घेऊन ती घासत होती तेव्हा एका बाजूला बंडू उभा असे आणि दुसऱ्या बाजूला हैबती. मदतीला कोणीही हात लावत नव्हते. एखादा दगड मागे राहतो आहे काय, एवढेच ते बघत होते. झऱ्याच्या दगडावरून रंग गेला, पण जिथे घासले तिथे दगड उजळ झाला आणि दोन खाचांचा आकार, आता रंगाशिवाय, तसाच दिसत राहिला. बंडूने वाकून बघितले. “ऱ्हातोय की गं,” तो म्हणाला. तिने मग सगळाच दगड घासला, कडेपर्यंत, म्हणजे आकार उरणार नाही.

स्पर्धा पार पडली. परदेशी धावक पठारावरून गेले, पांढऱ्या फितींच्या आधाराने; त्यांच्या छातीवर उजवा कान होता. भोरच्या बाजारात तो काही दिवस कापडी पिशव्यांवरही दिसला. तो कुठेही छापण्याचा अधिकार यापुढे फक्त समितीचा राहील, असे कुंडलिकांना कोणीतरी सांगितले आणि त्यांनी ते प्रगतीला सांगितले, बहुधा तिच्या चेहऱ्यावर काय उमटते ते बघण्यासाठी.

पावसाळा संपता संपता कोकऱ्यांची नवी करडे कान कातरायच्या वयाची झाली. रखमाजींनी निरोप पाठवला की कोकऱ्यांची खूण बदलायची आहे. पिशव्यांवर गेलेला कान आता आपला म्हणता येत नाही आणि उद्या कोणी तसलाच कान दगडावर काढला तर तो आपल्या गळ्यात पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. घर खूण बदलते तेव्हा शेजारच्या वस्तीतल्या माणसाने समोर असावे लागते, नाहीतर पुढे जनावरे मिसळल्यावर ती खूण कोणी मानत नाही. म्हणून हैबतींना बोलावणे होते. प्रगती सुटीवर घरी आली होती; ती बापाबरोबर गेली.

वाघरीच्या तोंडाशी रखमाजींनी तिला थांबवले. ते रागावलेले नव्हते. त्यांनी तिची ख्यालीखुशाली विचारली, चहा झाला का विचारले, मग कात्री पदराला पुसत उभ्या असलेल्या धोंडाबाईकडे एकदा बघितले.

“तू हितंच थांब,” ते म्हणाले. “बघितलंस की काढशील.”

“मोबाईल घरी ठेवलाय, तात्या.”

“मोबाईलचं न्हाई म्हणत म्या.”

ही खूण फार दिवस लपणार नाही हे त्यांनाही माहीत होते. करडे चरायला बाहेर पडली की ती कोणालाही दिसली असती, तिलाही. तरीही हैबती आत गेले आणि जाळी त्यांच्यामागे ओढून घेतली गेली. प्रगती बाहेर उभी राहिली. आत एकेक करडू ओरडे आणि गप्प होई. मध्ये रखमाजींचा आवाज येई, कुठवर, किती खोल, आणि हैबतींचे व्हय, व्हय.

परत येताना उतारावर तिने बापाला काहीही विचारले नाही. हैबती थोडे पुढे चालत होते. वाटेत त्यांनी पावसाबद्दल, गवताबद्दल आणि भोरच्या नव्या पुलाबद्दल बरेच काही सांगितले.